मांसविरती आणि नाम प्ला



या सदरातून मी एरवी मुदत ठेवी, वारसनोंद, मृत्युपत्र, दूरध्वनीवरून गोड बोलून पैसे लुबाडणाऱ्यांपासून घ्यावयाची सावधगिरी अशा विषयांवर लिहीत असतो. या महिन्यात विषय बदलण्याची अनुमती वाचकांनी द्यावी. ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही उभयता सोळा दिवस थायलंडमध्ये राहून आलो. सोळा दिवसांत एखादा देश कळतो असे मी म्हणणार नाही. परंतु आपल्या समाजातील अनेक कुटुंबे अलीकडे तिकडे सहलीस जातात आणि आहाराविषयी ऐकीव माहितीवर विसंबतात. त्यांना उपयोगी पडेल असे थोडे माझ्यापाशी आहे. लिहिण्याचे दुसरे कारणही आहे. ते पुढे ओघात येईल.

आमचा धाकटा मुलगा दीड वर्षापासून बँकॉकला नोकरीस आहे. चातुर्मासात परदेशगमन सौ.ला मान्य नव्हते. परंतु मुलाच्या रजेचे गणित ऑक्टोबरातच बसत होते. तिला कंदमुळांचा त्याग लग्नाआधीपासून आहे आणि रात्रीभोजनाचा त्याग गेली एकतीस वर्षे. ‘स्वयंपाक मी करीन, बाहेरचे पाणीसुद्धा घेणार नाही,’ या अटीवर ती निघाली. सामानाच्या दोन पेट्यांपैकी एक संपूर्ण खाकरे, राजगिऱ्याचे लाडू, मुगाच्या वड्या आणि भाजलेल्या पिठांची होती.

बँकॉकच्या विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. तेथे समुद्रमंथनाचे एक भव्य रंगीत शिल्प आहे. त्याच्याजवळ छायाचित्रे काढून घेणाऱ्यांची गर्दी असते. मला मात्र त्या नावाने कालकाचार्यांची आठवण झाली. बृहत्कल्पभाष्यात ही कथा येते. शिष्य स्वाध्यायात आळस करतात म्हणून वृद्ध कालकाचार्य त्यांना उज्जयिनीत सोडून एकटेच सुवर्णभूमीस, आपल्या शिष्याचे शिष्य सागरश्रमण यांच्याकडे गेले. सागरश्रमणांनी त्यांना ओळखले नाही. कोणी सामान्य म्हातारा साधू समजून ते आपल्याच विद्वत्तेच्या तोऱ्यात राहिले. पुढे मागाहून आलेल्या शिष्यांमुळे ओळख पटली, तेव्हा आचार्यांनी त्यांना धुळीचा दृष्टान्त दिला. धूळ एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवावी, तेथून तिसऱ्या. प्रत्येक खेपेस ती थोडी कमी होते. तीर्थंकरांपासून गणधरांकडे, गणधरांपासून आचार्यपरंपरेकडे येताना ज्ञानाचेही असेच होते. ती सुवर्णभूमी नेमकी कोठली, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, डॉ. उमाकांत शाह यांनी या एका विषयावर हिंदीत स्वतंत्र पुस्तिका लिहिलेली आहे. विमानतळाला नाव दिल्याने तो प्रश्न सुटत नाही, हे मलाही कळते. तरीपण धुळीचा तो दृष्टान्त पुढे सोळा दिवस माझ्या मनात राहिला, कारण आपल्या शब्दांचे त्या देशात तसेच झालेले मला जागोजागी दिसत होते.

तिकडे भेटताच हात जोडून ‘सवात्दी’ म्हणतात. तो आपला ‘स्वस्ति’. शंभर सतांगांचा एक बाट. सतांग म्हणजे शतांग. वाणिज्याला ‘फाणित’ म्हणतात, म्हणजे माझी पदवी त्या विषयातलीच निघाली. आणि बँकेला काय म्हणतात? ‘थनाखान’. मुलाने फोड करून सांगितली, धन अधिक आगार, धनागार! छत्तीस वर्षे ज्या संस्थेत काढली तिचे इतके भारदस्त नाव आम्ही कधी घेतले नव्हते. एका शाखेच्या पाटीखाली उभे राहून मी छायाचित्र काढून घेतले; रखवालदाराने नापसंतीने पाहिले. शाखेतून मिळालेल्या पावतीवर वर्ष होते २५६७. तेथे व्यवहारात बुद्धसंवत चालतो, इसवी सनात ५४३ मिळवले की झाले. आपण वीरनिर्वाण संवत लग्नपत्रिकेपुरता आणि पंचांगापुरता ठेवला आहे. त्यांचा संवत वाण्याच्या बिलावर असतो.

उपाहारगृहाला ‘रान आहान’ म्हणतात. आहान म्हणजे आहार. आणि शाकाहाराला जो शब्द आहे तो ऐकून तर मी थक्क झालो: ‘मंगसविरत’, म्हणजेच मांसविरती! देशविरती, सर्वविरती हे शब्द आपण व्याख्यानात ऐकतो. तो ‘विरती’ शब्द येथे खानावळीच्या पाटीवर पाहून मला इतका आनंद झाला, की हा एक शब्द पाठ केला म्हणजे या देशात आपले भागले असे मी मनोमन ठरवून टाकले.

आम्ही पोहोचलो त्याच दिवशी, ३ ऑक्टोबरला, तेथील चिनी वंशाच्या लोकांचा नऊ दिवसांचा शाकाहार उत्सव सुरू झाला होता. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस हे लोक ‘जे’ पाळतात. ‘जे’ हा मूळ चिनी शब्द, त्याचा अर्थ व्रत किंवा उपवास. यावारात नावाच्या जुन्या चिनी वस्तीत त्या दिवसांत पिवळ्या पताकांची दाटी असते आणि प्रत्येक पताकेवर तांबड्या रंगात तेच एक अक्षर. ते दिसते इंग्रजी सतराच्या आकड्यासारखे, म्हणून सौ. त्याला ‘सतरा नंबर’ म्हणू लागली. ‘अहो, तिकडे सतरा नंबर दिसतोय,’ असे तिने म्हटले की आम्ही त्या गाडीकडे वळायचे.

‘जे’ आहाराचे नियम वाचकांनी नीट समजून घ्यावेत. मांस, मासे, अंडी तर नाहीतच. दूध आणि दुधाचे पदार्थही नाहीत. शिवाय लसूण, कांदा आणि त्यांच्या जातीच्या उग्र वासाच्या भाज्या वर्ज्य. तंबाखूही त्याच यादीत. मद्य नाही. पाळणारे पांढरे कपडे घालतात, ब्रह्मचर्य पाळतात आणि स्वयंपाकाची भांडीसुद्धा वेगळी ठेवतात. पहिल्या दिवशी हे ऐकून सौ.च्या चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि बाहेरचे काही न घेण्याची अट तिने आपण होऊन, ‘जे’पुरती, सैल केली. मंगकोन कमलावास हे तेथले जुने चिनी बौद्ध मंदिर. (कमलावास! नावे ऐकत राहावीत.) त्याच्या परिसरात दुपारी चारला जाऊन सूर्यास्तापूर्वी जेवून घ्यायचे, असा आमचा क्रम बसला. ऑक्टोबरात तेथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि खरी गर्दी त्यानंतर उसळते, त्यामुळे आमच्यासारख्या चौविहारवाल्यांना मोकळी बाके मिळत.

मात्र ‘जे’ म्हणजे जैन आहार नव्हे. त्यांचा कांदा-लसूण वर्ज्य होतो तो वासना आणि क्रोध चाळवतात म्हणून. जमिनीखालच्या अनंत जीवांचा विचार त्यात नाही. त्यामुळे मुळा, गाजर, अळकुडी, आळंबी ही त्यांना चालतात, किंबहुना मुळ्याचा रस्सा घरोघर असतो. एका गाडीवर हिरव्या पालेभाज्या आणि टोफू परतून देणाऱ्या प्रौढ बाई होत्या. मुलाने त्यांना गाजर घालू नका म्हणून विनविले. कांदा नको हे त्यांना कळत होते. गाजराने काय बिघडवले, हे कळेना. मुलगा आपल्या मोडक्या थाय भाषेत बराच वेळ समजावत राहिला. पान तोडले तर झाड राहते, मूळ उपटले की सगळे झाड जाते आणि मुळाच्या आश्रयाने असलेले जीवही जातात, असा त्याचा आशय. त्या ऐकत होत्या, झारा हातात तसाच. मग त्यांनी तयार ताटातली गाजरे वेचायला घेतली. सौ.ने हात जोडून थांबवले, तेव्हा न रागावता कढई धुतली आणि नव्याने भाजी टाकली. पन्नास बाट घेतले, कढई धुण्याचे काही अधिक घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही दिसताच त्यांनी गाजराची परात झाकून ठेवली आणि हसल्या.

उत्सवातला एक प्रकार मात्र आम्हा दोघांनाही रुचला नाही. गव्हाच्या सत्त्वापासून आणि सोयाबीनपासून तेथे बदक, मासा, कोळंबी यांच्या हुबेहूब प्रतिकृती करतात. रंग, पोत, कातडीच्या सुरकुत्यासुद्धा. त्यात प्राणिज काही नसते. सौ. म्हणाली, “यशोधर राजाने कोंबडा पिठाचाच मारला होता ना?” राजा यशोधराने आईच्या आग्रहाखातर पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला आणि त्या संकल्पाने मायलेकांना किती भव भोगावे लागले, ती कथा आपल्या घराघरांत माहीत आहे. मुलाचे म्हणणे असे पडले, की मांसाची सवय असलेल्या माणसाला नऊ दिवस दूर ठेवायचे तर ही कुबडी वाईट नाही. या वादात मी पडलो नाही. दोघांचेही मला पटत होते आणि तसे सांगणे दोघांनाही आवडले नसते.

राजवाडा, वात अरुण, वात फो ही स्थळे आम्ही पाहिली. त्यांची वर्णने सहलींच्या पुस्तकांत भरपूर आहेत. वात फो येथील पहुडलेली बुद्धमूर्ती ४६ मीटर लांब आहे आणि तिच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ मंगल चिन्हे आहेत, एवढेच नोंदवतो. बँकवाल्याच्या नजरेतून आणखी एक नोंद: तेथे ‘बाट’ हे चलनाचे नाव आहे तसेच सोन्याच्या वजनाचेही. एक बाट सोने म्हणजे सव्वापंधरा ग्रॅमच्या जरा आत, आणि दागिन्याचा प्रचलित कस साडेशहाण्णव टक्के. तोळ्याच्या हिशेबाने घेऊ जाल तर चुकाल.

खरे मन रमले ते पहाटे. मुलाच्या इमारतीजवळच एक वात होता. साडेपाच-सहाच्या सुमारास काषाय वस्त्रातले भिक्षू अनवाणी, पात्र हाती घेऊन निघत. लोक चपला काढून गुडघ्यांवर बसत, पात्रात अन्न घालीत, भिक्षू आशीर्वचन म्हणून पुढे जात. गोचरीचीच ही बहीण, असे पहिल्या दिवशी वाटले. जवळून पाहता फरक दिसू लागले. आपले साधू-साध्वी बेचाळीस दोष टाळून आहार घेतात, आपल्यासाठी मुद्दाम केलेला तर मुळीच घेत नाहीत; येथे भिक्षूंना देण्यासाठी भात-आमटीच्या तयार पिशव्या कोपऱ्यावर विकत मिळतात. मात्र दुपारी बारानंतर हे भिक्षू घन आहार घेत नाहीत, ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत. रात्रीभोजनत्यागाचे कौतुक सांगणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे झेपेल? अष्टमी-पौर्णिमेला काही गृहस्थ आठ शीले घेऊन मंदिरात राहतात, तो आपला पौषधच. मंदिराच्या मुख्य सभागृहाचे नावही ‘उबोसोत’, म्हणजे उपोसथ. श्रमणपरंपरेच्या दोन शाखा अडीच हजार वर्षे दूर राहूनही एकाच घराण्याच्या दिसतात.

सौ.ने तिसऱ्या दिवशी विचारले, “यांच्यात महासतीजी कुठे आहेत?” मुंडन केलेल्या, शुभ्रवस्त्र नेसलेल्या काही स्त्रिया मंदिराचे अंगण झाडताना तिने पाहिल्या होत्या आणि सवयीने हात जोडले होते. त्यांना ‘मे ची’ म्हणतात. त्या आठ शीले पाळतात, परंतु भिक्षुणी नव्हेत. १९२८ साली तेथील संघराजांनी स्त्रियांना दीक्षा देण्यास मनाई केली आणि अधिकृत संघ आजही ती मानतो. आपल्याकडे साधूंपेक्षा साध्वींची संख्या कितीतरी अधिक, चंदनबालेपासून ही परंपरा अखंड. सौ. त्यानंतर रोज त्या स्त्रियांसाठी फळे घेऊन जाऊ लागली. कधी पपनस, कधी पेरू. पेरूसोबत तिकडे तिखट-मीठ-साखरेची पुडी देतात, हे पाहून तिला माहेर आठवे.

त्याच वाताच्या कट्ट्यावर आमची एका सेवानिवृत्त सरकारी अधिकाऱ्यांशी ओळख झाली. वय पंचाहत्तरच्या पुढे, इंग्रजी उत्तम. तरुणपणी त्यांनी एक वर्षावास भिक्षू म्हणून काढला होता. थाय पुरुष आयुष्यात एकदा तरी असे अल्पकाळ भिक्षू होतात. सरकारी नोकराला त्यासाठी १२० दिवसांची रजा मिळते. (आमच्या सेवानियमांत अठ्ठाईच्या पारण्यालासुद्धा नैमित्तिक रजेचा अर्ज करावा लागे.) सौ.ने त्यांना माझ्याकरवी सरळच विचारले, की भिक्षू मांस कसे घेतात. ते रागावले नाहीत. म्हणाले, पात्रात जे पडेल ते भिक्षूने नाकारू नये. मात्र तो प्राणी आपल्यासाठी मारला असे त्याने पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका आली असेल, तर घेऊ नये. पाहिलेले, ऐकलेले, शंका आलेले, या तिन्हींपासून मुक्त ते शुद्ध. मी भाषांतर करून सांगितले. सौ. थोडा वेळ गप्प राहिली आणि मला म्हणाली, “शंका आली नाही, की शंका घेतली नाही?” हे वाक्य मी त्यांना भाषांतरित करून सांगितले नाही. मला ते चार दिवसांनी कळायचे होते.

उत्सव ११ तारखेला संपला. दुसऱ्या दिवशी आम्ही रेल्वेने अयुथ्येस गेलो. मुलाला त्या शनिवारी काम होते. योगायोगाने तो दसऱ्याचा दिवस. अयुथ्या म्हणजे अयोध्या. आपल्याला ती भगवान ऋषभदेवांची जन्मभूमी म्हणून प्रिय, थाय लोकांना रामाची म्हणून. ही अयुथ्या सयामची राजधानी होती, १७६७ साली ब्रह्मी सैन्याने ती उद्ध्वस्त केली. विटांचे ओकेबोके मनोरे, रांगेने बसलेल्या शिरविहीन बुद्धमूर्ती, आणि एका झाडाच्या मुळांत गुरफटलेले एक शांत दगडी मस्तक. सौ. तेथे बराच वेळ उभी राहिली. पहाटे निघाल्यामुळे नवकारसीनंतर तिने दोन खाकरे खाल्ले होते, तेवढेच. डबा होता, पण तो मी गाडीत विसरलो. हे माझे पहिले पाप.

दुपारी दोन वाजले. ऊन आणि घाम यांनी तिला भोवळ आली. ‘सतरा नंबर’ कोठेच दिसेना. पताका आदल्या रात्री उतरल्या होत्या. शेवटी रस्त्याकडेच्या एका गाडीवर गेलो. कच्च्या पपईचा कीस उखळात हलक्या हाताने चेचून, लिंबू, ताडगूळ, मिरची आणि भाजलेले शेंगदाणे घालून तेथे ‘सोम ताम’ करीत होते. पपई झाडावरची, शेंगदाणे आपलेच. मी माझा ठेवणीतला शब्द काढला: “मंगसविरत?” बाई हसल्या, मान डोलावली. वाळवलेली कोळंबी आणि लसूण यांच्याकडे बोट दाखवून मी ‘नको’ची खूण केली, त्यांनी दोन्ही वाट्या बाजूला सारल्या. सौ. झाडाखाली बसली होती. मी बशी नेऊन दिली. ती म्हणाली, “नीट विचारलंत ना?” मी म्हणालो, “त्यांच्या भाषेत मांसविरती म्हणतात, तेच सांगितलं.” तिने संपूर्ण बशी खाल्ली. मीही खाल्ले. उत्तम होते.

पैसे द्यायला गेलो तेव्हा त्या पुढच्या गिऱ्हाइकाचे सोम ताम चेचीत होत्या. उखळात त्यांनी एका बाटलीतून तपकिरी पाणी ओतले. बाटलीवर माशाचे चित्र होते. मी बोट दाखवून विचारले. “नाम प्ला,” त्या म्हणाल्या, आणि बोटांच्या चिमटीने ‘थोडेसेच’ अशी खूण करून प्रसन्नपणे हसल्या.

नाम म्हणजे पाणी, प्ला म्हणजे मासा. लहान मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून त्यांचा जो अर्क निघतो तो नाम प्ला. थाय स्वयंपाकात तो मिठाच्या जागी असतो. भाजी, आमटी, कोशिंबीर, सर्वांत. त्या बाईंनी मला फसवले नव्हते. त्यांच्या लेखी मांस म्हणजे डोळ्यांना दिसणारा तुकडा आणि नाम प्ला म्हणजे मीठ. मी जो शब्द उच्चारला तो माझ्या अर्थाने उच्चारला, त्यांनी तो त्यांच्या अर्थाने ऐकला. सुवर्णभूमीपर्यंत येता येता धूळ थोडी कमी झाली होती, आणि मी सागरश्रमणासारखा आपल्याच शब्दज्ञानाच्या तोऱ्यात होतो.

वळून पाहिले. सौ.चा चेहरा सावरला होता, ती ओढणीने वारा घेत होती. मला पाहून म्हणाली, “बरं झालं, जीवात जीव आला.”

मी सांगितले नाही.

परतीच्या गाडीत सांगू म्हटले, सांगितले नाही. रात्री मुलासमोर नको वाटले. दुसऱ्या दिवशी मनाने युक्तिवाद सुरू केले: न कळत घडले त्यास दोष कितीसा, सांगून तिला क्लेशच होणार, घरी गेल्यावर पाहू. हे युक्तिवाद मला ओळखीचे होते. शाखेच्या तपासणीला गेल्यावर हिशेबात न घेतलेल्या रकमेबद्दल लोक मला अगदी हेच सांगत आणि मी शेरा मारून मोकळा होत असे. या पाच दिवसांत मी गोड पदार्थांच्या दुकानात तिला फार सावधपणे जपले. तेथे केशरी शेवयांसारखा दिसणारा ‘फोय थोंग’ आणि त्याच जातीचे सोनेरी लाडू-पेढे असतात; ते अंड्याच्या बलकाचे. अयुथ्येच्या दरबारी असलेल्या एका पोर्तुगीज-जपानी वंशाच्या स्त्रीने सतराव्या शतकात ही विद्या तेथे रुजवली, असे सांगतात. “ते घेऊ नकोस, त्यात अंडे आहे,” असे मी सांगितले की ती म्हणे, “तुम्ही आहात म्हणून बरे.” हे ऐकवत नसे.

१७ तारखेला आश्विन पौर्णिमा होती. त्या दिवशी तेथे वर्षावास संपतो; ‘ओक फान्सा’ म्हणतात, फान्सा म्हणजे वर्षा. आपल्या चातुर्मासाला अजून महिना उरला होता. सकाळी कट्ट्यावर ते वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांनी सांगितले, की आज सर्व भिक्षू एकत्र बसतात आणि ज्येष्ठापासून कनिष्ठापर्यंत प्रत्येक जण संघाला विनंती करतो, की माझ्या हातून काही घडलेले कोणी पाहिले असेल, ऐकले असेल किंवा कोणाला शंका आली असेल, तर मला सांगावे. प्रवारणा. पुन्हा तेच तीन शब्द. मी निरोप घेऊन उठलो. त्यांना वाटले असावे की मला बरे नाही.

संध्याकाळी मुलाच्या घरी आम्ही पाक्षिक प्रतिक्रमणास बसलो. सौ.ला ते मुखोद्गत आहे. मी पुस्तकातून म्हणतो. सातव्या व्रताच्या अतिचारांपाशी आलो आणि माझा आवाज थांबला. तिने क्षणभर वाट पाहिली, मग पाठ पूर्ण केला. प्रतिक्रमण संपल्यावर मी सर्व सांगितले: बाटली, चित्र, चिमटीची खूण, आणि डबा गाडीत विसरल्यापासूनचे सारे.

ती रडेल असे वाटले होते. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि काही वेळाने परत आली. एवढेच विचारले, “बाटली कधी पाहिलीत? मी खाण्याआधी की नंतर?”

“नंतर.”

“मग ते अजाणता झालं. त्याची आलोचना मी करीन.” थोडे थांबून म्हणाली, “पण पाच दिवस तुम्ही माझ्यासमोर जेवायला बसत होतात. ते अजाणता नव्हतं. ते सतरावं आहे.”

अठरा पापस्थानांतील सतरावे, मायामृषावाद, कपटासह असत्य. मी मान खाली घातली. बाहेर कोठेतरी शोभेची दारू उडत होती. मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता, हे आम्हाला तेव्हा कळले.

दुसऱ्या दिवशी तिचा उपवास होता, म्हणून विमानात जेवणाचा प्रश्न आला नाही. विमानतळावर तिने माझी खिशातली वही मागून घेतली आणि मुलाकडून विचारून स्वतःच्या अक्षरात काही ओळी लिहिल्या. वाचकांच्या उपयोगासाठी त्या येथे देतो. ‘मंगसविरत’ या शब्दावर विसंबू नये. ‘किन जे’ म्हणावे, म्हणजे मी जे पाळतो. पुढे ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे माशाचे पाणी घालू नका. ‘माय साय काप्पी’, म्हणजे कोळंबीचे वाटण नको, कारण बहुतेक रश्शांच्या मसाल्यात ते आधीच वाटलेले असते. ‘माय साय खाय’, म्हणजे अंडे नको. कंदमुळांसाठी सोपा शब्द नाही, बोट दाखवावे. आणि डबा गाडीत विसरू नये, ही ओळही तिनेच लिहिली आहे.

गावी परतल्यावर स्थानकात चातुर्मासार्थ विराजमान असलेल्या महासतीजींपाशी आम्ही दोघांनी आलोचना केली. त्यांनी शांतपणे सर्व ऐकले. सौ.ला एक आयंबिल दिले. मला पाच उपवास. पैकी तीन झाले आहेत.